आंबिवलीहून बांधून आलेला मंगा

मला मंगा आवडतो असा समज वाचनालयाच्या कार्यकारिणीला कुणी करून दिला, देव जाणे. जपानी चित्रकथांना मंगा म्हणतात हे मला माहीत होतं आणि कॉलेजात असताना चार-दोन वाचलेही होते, एवढाच माझा अधिकार. पण डोंबिवलीच्या त्या वाचनालयाला एका सभासदाच्या मुलीनं परदेशी जाताना दोन खोकी भरून मंगा देऊन टाकला. जुना, नवा, भुतांचा, प्रेमाचा, तलवारींचा, सगळा इंग्रजीत भाषांतर झालेला. अध्यक्षांनी मला फोन केला. "तुम्ही तरुण आहात. परीक्षणं लिहा, आपण फळ्यावर लावू. नवी पिढी वाचनालयाकडे वळेल." माझ्या कानांवरचे केस पांढरे झालेत. तरी मी हो म्हणालो, आणि त्याला कारण बाबा.

आई गेल्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून बाबांनी पुस्तक हातात धरलं नव्हतं. लहानपणी मला वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकू न देणारा हा माणूस डोंबिवलीच्या घरात आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर बसून राहायचा. रविवारी मी बाळकुमहून जायचो, भाजी आणून द्यायचो, सोसायटीच्या पाण्याबद्दल बोलायचो. आईचा विषय आम्ही दोघंही काढत नव्हतो. वाटलं, मुलानं लिहिलेलं तरी वाचतील. तेवढं झालं तरी मला पुरे होतं.

खोकी घरी आणली आणि वाचायला बसलो. पहिलाच मंगा नव्यातला, तरुणांचा लाडका प्रकार म्हणे. एक आळशी पोरगा ट्रकखाली येतो आणि थेट जादूच्या राज्यात तलवार घेऊन उठतो. तिथं दिसेल ती मुलगी त्याच्या प्रेमात. खोपटच्या नाक्यावर ट्रकनं उडवलं तर माणूस प्लास्टरमध्ये जातो, राजवाड्यात नाही. बरं, एक वाचला तर ठीक. खोक्यात त्याच गोष्टीचे आणखी कितीतरी निघाले, फक्त पोराच्या केसांचा रंग वेगळा. रंग तरी कुठला, सगळं काळं-पांढरंच.

मग जुना भयकथांचा गठ्ठा काढला, तोही मिसळ खाताना. भिंतीतून मांस उगवतंय, माणसाच्या गालातून अळ्या निघतायत, आणि चित्रकारानं एकेक अळी अशी मन लावून काढलेली, जणू घरची रांगोळी. तर्रीवर मटकी तरंगताना दिसली आणि वाटी तशीच सिंकमध्ये गेली. त्यानंतर महिनाभर मी मिसळ खाल्ली नाही.

शाळेतल्या प्रेमकथा वेगळ्याच कारणानं सहन होईनात. भागामागून भाग जातात, दोघं लाजतात, पानभर फुलं उडतात, पण हात काही धरत नाहीत. एखाद्यानं दोघांच्या मुस्काटात मारून लग्न लावून द्यावं. आणि तलवारीच्या त्या गाजलेल्या जुन्या कथांत मुंडकी उडतात त्याचं मला काही नाही, पण त्यात बायका ज्या नजरेनं काढल्यात ती नजर फलाटावर कुणाच्या डोळ्यांत दिसली असती तर मी दोन ठेवून दिल्या असत्या. शिसारी आली. तसंच लिहिलं.

रविवारी परीक्षणं बाबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा शोधला. हे मी वर्षभरात पहिल्यांदा बघत होतो. वाचून म्हणाले, "किळस हा शब्द फार झालाय. दुसरे शब्द आहेत मराठीत."

"पण बाबा, किळसच आली तर काय लिहू?"

"मग एखादं तरी असं सांग, की ज्याची नाही आली."

त्या वाक्यासाठी मी दोन्ही खोकी तळापर्यंत उपसली. आणि सापडलं. एकच भाग, जुना, पातळसा. एका लहान गावातला तरुण स्टेशनवर एका मुलीची वाट बघतोय, इथून सुरुवात. मग ती येते, त्यांचं लग्न, छोटंसं दुकान, भांडणं, म्हातारपण. बायको अंथरुणाला खिळते. शेवटच्या पानावर तो स्वयंपाकघरात एकटा चहा पीत बसलाय, एवढंच. बोलणं जवळपास नाहीच. परीक्षणात कमी लिहिलं. हे मात्र वाचा, एवढंच म्हटलं, आणि ते कुणाला म्हणतोय हे मला पक्कं माहीत होतं. बाबांच्या हातात द्यायची हिंमत मात्र झाली नाही. खोकी आणि फळ्यासाठी परीक्षणं वाचनालयात देऊन आलो.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. जपानी पुस्तक, इंग्रजीत आणलेलं असलं तरी, उर्दू पुस्तकासारखं असतं. आपल्या हिशोबानं जिथं संपतं, तिथून ते सुरू होतं. चुकून कुणी आपल्यासारखं उघडलंच, तर त्या पानावर ठळक सूचना छापलेली असते, की थांबा, हा पुस्तकाचा शेवट आहे, पलीकडच्या बाजूनं सुरू करा.

आणि आमच्या वाचनालयाचा रिवाज असा, की पुस्तक कितीही देखणं असो, आधी त्याचं कव्हर काढायचं, त्याला लाल रेक्झिनची बांधणी करायची, पुढच्या बाजूला नंबर डकवायचा आणि आतल्या पहिल्या पानावर तारखांची चिठ्ठी.

दोन-तीन आठवड्यांनी गेलो, तर सगळा मंगा आंबिवलीच्या बाइंडरकडून लाल होऊन आलेला. एक उघडला आणि डोकंच फिरलं. नंबर उलट्या बाजूला. उघडलं की समोर शेवटचं पान. आणि तारखांची चिठ्ठी बरोब्बर त्या सूचनेवर, चारही कडांना डिंक लावून, घट्ट.

"हे काय करून ठेवलंय?" मी ग्रंथपालबाईंवर ओरडलो.

"अरे, सगळ्यांची कव्हरं उलटीकडे होती. छपाईची चूक आहे असं मीटिंगमध्ये ठरलं. मग बाइंडरला मुद्दाम सांगितलेलं, सरळ करून दे म्हणून. ठराव झालाय तसा."

ठराव! सगळी शिकलेली माणसं, त्यातली अर्धी निवृत्त अधिकारी, आणि एकालाही पुस्तक उघडून दोन पानं वाचावीशी वाटली नाहीत. भिंतीतल्या मांसानं आली नव्हती एवढी किळस मला त्या लाल रांगेची आली. त्या रांगेत मी तो पातळ भाग शोधला. नव्हता.

"तो तुझे बाबा घेऊन गेलेत," बाई म्हणाल्या. "फळ्यावरचं वाचलं, आणि हाच द्या म्हणाले. किती दिवसांनी आले रे!"

मी तसाच बाबांकडे गेलो. जिना चढताना कार्यकारिणीला मनात शिव्या घालत होतो. वर्षानं माणूस एक पुस्तक हातात घेतो आणि तेही असं सडवून ठेवलेलं. टीव्ही बंद होता. पुस्तक बाबांच्या मांडीवर होतं.

"बाबा, ते ठेवा खाली. त्या मूर्खांनी उलटं बांधलंय. तुम्ही शेवटाकडून वाचलंत. मी दाखवतो, इथून सुरू करायचं." मी पुस्तक घ्यायला हात पुढे केला.

त्यांनी दिलं नाही. "कळलं मला. चार पानांत कळलं."

"मग सरळ का नाही वाचलंत?"

"आधी तो एकटा चहा पीत असतो," बाबा म्हणाले. "मग ती अंथरुणावर दिसते. मग उठून बसते. मग दुकानात यायला लागते, त्याच्याशी भांडते. केस काळे होतात तिचे. आणि शेवटी तो स्टेशनवर उभा. ती अजून यायची आहे." ते रेक्झिनवरून हात फिरवत राहिले. "सरळ कसं होतं ते मी बघितलंय रे."

मी पुढे केलेला हात मागे घेतला. कार्यकारिणीला लिहायचं पत्र मनात तयार होतं, ते तिथंच राहिलं.

"उद्या मुदत संपतेय," बाबा म्हणाले. "जाताना वाढवून दे."