पळसदरीचा डावखुरा विळा आणि चंदेरी पुडी

पळसदरीला जायचं ठरवलं ते निसर्गासाठी नाही, भाषणाच्या तालमीसाठी. मी एका न्यायवैद्यक प्रयोगशाळेत शिकाऊ आहे. मंगळवारी वरिष्ठांपुढे मला कृत्रिम गांजावर बोलायचं होतं. कृत्रिम गांजा म्हणजे वाळक्या पाल्यावर फवारून विकलं जाणारं रसायन. घरातली मी पहिली पदवीधर, त्यामुळे घरी तालीम घेतली की दुसऱ्या वाक्याला आई रडते आणि बाबा टाळ्या वाजवतात. सुलूमावशी कुणाचंच ऐकून घेत नाही. म्हणून तिच्याकडे.

शनिवारी सकाळी पनवेलहून स्कूटर काढली. जुन्या हायवेने चौक, तिथून डावीकडे कर्जतचा रस्ता. जाऊन-येऊन दोनशेचं पेट्रोल पुरतं. चौकच्या पुढे खड्डे इतके प्रामाणिक आहेत की एकही चुकत नाही. कर्जत स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला. तो खाऊनच पुढे जावं, कारण मावशीकडे पोचल्यावर "काही खाल्लंस का" हा प्रश्न नसतो, ताट असतं. पुढे खोपोली रस्त्याने पळसदरी. धरणावर सकाळी लवकर जा. दहानंतर तिथे पाण्यापेक्षा स्पीकर जास्त असतात.

मावशी एका फार्महाऊसची देखरेख करते. इथला अलिखित नियम असा की शनिवार-रविवारचे पाहुणे गेले की उरलेलं सामान देखरेखवाल्यांचं. तेल, बिस्किटं, अर्धा किलो चीज, एकदा तर योगाची चटई. दामूकाका, म्हणजे मावशीचे यजमान, त्या चटईवर मिरच्या वाळवतात.

जेवताना काकांनी फळीवरून एक चंदेरी पुडी काढली. "तू नशेचं शिकतेस ना? ही बघ. पावन्यांची राहिली. आज संध्याकाळी बिडीत घालून बघनार हाय."

माझा घास तिथेच राहिला. "काका, नको!"

"अगं, असलीच पुडी मागच्या महिन्यात पन राहिली व्हती. चिमूटभर वढली. जरा गोड वाटलं, बास. तीच पुडी, तोच वास, वजनाला पन तेवढीच. म्या काट्यावर बघितली."

काट्यापुढे बोलणं संपतं. काकांनी साजगावच्या एका कारखान्यात सगळी नोकरी वजनकाट्यावर काढली. ट्रकवाला काहीही सांगो, काटा सांगेल तेच खरं.

मी मंगळवारचं भाषण शनिवारीच सुरू केलं. या रसायनांच्या रेणूंना बऱ्याचदा दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातांसारखी. अणू तेच, वजन तेच, पण एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. मेंदूतल्या ठरावीक खाचेत एक घट्ट बसतं, दुसरं नुसतं खडखडतं. म्हणून एक रूप माणसाला आडवं करू शकतं आणि दुसरं फारसं काही करत नाही. पुडीत कोणतं किती, हे वरून कळत नाही. वर फवारणीही सारखी नसते, त्यामुळे मागची चिमूट आजच्या चिमटीची हमी देत नाही.

"मग तुमच्या मशीनला कळतं ना?" काका म्हणाले.

इथे मला खोटं बोलता आलं असतं. "नेहमीच्या मशीनला नाही. तो रेणूंचा काटाच आहे. दोन्ही रूपांना एकच उत्तर देतो. वेगळी ओळखायची तर ती अशा नळीतून सोडावी लागतात, जिच्या आतला लेप स्वतःच डाव्या नाहीतर उजव्या, एकाच हाताचा असतो. मग एक रूप आत अडखळतं, दुसरं आधी बाहेर पडतं."

"म्हंजे काटा पन फसतो?" काका खो खो हसले. "एवढं शिकून काय गं उपेग?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. समजावून सांगितलं की माणूस ऐकतो, असं मला खरंच वाटायचं. काकांनी पुडी खिशात घातली.

मावशी उठली आणि पडवीतून दोन विळे घेऊन आली. भाताची कापणी चालूच होती. मावशी डावखुरी, तिचा विळा लोहाराकडून उलट्या दात्यांचा बनवून घेतलेला. दोन्ही विळे तिने काकांपुढे आपटले.

"वजन करा."

काकांनी खरंच ताणकाटा आणला. दोन्ही सारखे भरले.

"सारकंच नं? घ्या, माझ्या इळ्यानं कापा उजव्या हातानं."

काका हलले नाहीत. त्यांच्या डाव्या अंगठ्यावर जुना, लांब वण आहे.

"काटा तवा पन खोटं बोलला नव्हता," मावशी म्हणाली. "तुमी घाईत माझा इळा उचल्ला. निसटून अंगठ्यात. पाच टाके. काडा पुडी."

काकांनी अंगठा चोळला आणि पुडी बाहेर ठेवली. मावशीने ती झटक्यात उचलली. "चुलीत टाकते."

"मावशी, धूर! कोंबड्यांसकट सगळं घर आडवं होईल!"

"मग तूच घेऊन जा लॅबला," काका म्हणाले. पण तसं चालत नाही. पोलिसांनी सील केलेलंच आमच्याकडे येतं. पोलिसांना बोलावलं तर फार्महाऊसचा मालक ओरडेल म्हणून काका कचरत होते. "मालकाला मी बगते," म्हणत मावशीने ओळखीच्या हवालदारांना फोन लावला. ते मोटरसायकलवरून आले, चहा प्यायले आणि कागदावर लिहिलं: 'वाळका पाला, एक पुडी.' मी 'अज्ञात पदार्थ' लिहा म्हणून हट्ट धरला. त्यांनी तेही लिहिलं, मला गप्प करण्यापुरतं.

रविवारी परतताना खोपोली-खालापूरमार्गे आले. साजगावजवळ वजनकाट्यावर ट्रकांची रांग होती. खालापुरात मिसळ खाल्ली. झणझणीत आहे, ताक सांगून ठेवा.

मंगळवारी वरिष्ठांपुढे मी पहिल्याच चित्रात दोन विळे दाखवले. कुणी रडलं नाही, टाळ्याही नाहीत. प्रश्न मात्र आले.

काल मावशीचा फोन आला. पाहुण्यांची पुन्हा एक चंदेरी पुडी राहिली होती. काकांनी ती चिमट्यात धरून, हात लांब करून अंगणातल्या दगडाखाली ठेवली आणि हवालदारांना स्वतः फोन केला.

"तुझे काका इचारतात, ही डावी का उजवी?"

"इथून नाही सांगता येणार, मावशी."

मागून काकांचा आवाज आला. "ती सांगत नाय म्हंजे पुडी लांबच बरी."