हरभऱ्याचं पीठ, दही आणि काकू

कोल्हापुरात मी आणि माझी बायको वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खाली घरमालक, म्हणजे काका आणि काकू. जैन माणसं. त्यांची मुलं पुण्याकडं असतात. मी मलकापूरजवळच्या गावातून इंजिनीअरिंगला आलो तेव्हा या वरच्या मजल्यावरची एकच खोली माझ्याकडं होती आणि काकांची अटही एकच होती. "अंडं आणि मटण सोडून काय बी शिजव. कांदा-लसूण तुझा तू बघ."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. परीक्षा म्हणजे काय असते, त्या दिवसांत माणूस जेवतो की नाही, हे आईला ठाऊक नव्हतं. ते काकूंना ठाऊक होतं. माझ्या पेपरच्या दिवशी त्या जिन्याखालून हाक मारायच्या आणि गरम भाकरी, वरण, वर तुपाची धार असं ताट हातात द्यायच्या. त्यांचं माहेर कर्नाटकाच्या सीमेकडचं, त्यामुळं मला तम्मा म्हणायच्या. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, पण पहिल्या दिवशी तोंडात आलं ते तसंच राहिलं. मी पास झालो, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत लागलो, लग्न झालं, वरची दुसरी खोलीही आम्ही घेतली. अट तीच राहिली आणि मला ती कधी जड गेली नाही.

जड गेली ती जिमला जायला लागल्यावर. आमचा ट्रेनर सगळ्यांना एकच सांगायचा, "भावा, अंडी खा की. अंड्याशिवाय अंगाला काय लागणार?" मी म्हटलं, घरात चालत नाही. तो म्हणाला, "मग गाड्यावर खा." काही दिवस जिमबाहेरच्या गाड्यावर उभं राहून उकडलेली अंडी खाल्ली. पण ती खाऊन काकूंच्या दारावरून वर जाताना उगाच तोंड पुसावंसं वाटायचं. अट घराची होती, तोंडाची नव्हती, हे कळत होतं. तरी शेवटी गाडा सोडला आणि घरच्या घरी, बिनअंड्याचं, प्रोटीनचं खाणं करायला शिकू लागलो. एक छोटा ओव्हन आणला. कामावर मी दिवसभर भट्टीचं तापमान बघतो, तेव्हा पाव भाजणं काय अवघड, असं वाटलं होतं.

पहिला पाव हरभऱ्याच्या पिठाचा आणि सोयाबीनच्या पिठाचा. बायकोनं सुरी घातली, ती अर्ध्यात अडकली. "अहो, हे कास्टिंग कामावर घेऊन जा, पास होईल," ती म्हणाली. मग कळलं की पिठात घट्ट दही घालायचं, थोडा सोडा, आणि ताबडतोब ओव्हनमध्ये. त्यानं पाव मऊ झाला. वर तीळ, भोपळ्याच्या बिया. कधी त्यात जिमवाल्यांची प्रोटीनची व्हे पावडर. शेजारचे जिमवाले मागून न्यायला लागले. बायको त्याला वीटच म्हणायची, पण दुपारच्या डब्यात दोन तुकडे न्यायची.

त्याच पावसाळ्यात काकू अंगणात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. हाड जुळलं, पण पाय काही भरेना. व्यायाम करून घ्यायला येणारी ताई म्हणाली, "मांडीत ताकदच नाही. प्रोटीन वाढवा. हे महिने गेले तर वॉकर कायमचा." काकूंना वॉकर घेऊन बस्तीत जायचं नव्हतं. बस्ती म्हणजे त्यांचं देऊळ, गल्लीच्या टोकाला. तिथं चढायला पायऱ्या आहेत. रोज जाणारी बाई पडल्यापासून एकदाही गेली नव्हती. दारात बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांना म्हणायची, "माझा नमस्कार सांगा."

एक दिवस काका वर आले. "तू ते व्यायामाचं खातोस, ते हिला चालंल का? ही दोन घास खाती आणि हात धुती."

मला एवढा आनंद झाला की काय सांगू. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी काळजीपूर्वक विचार केला. अंडं तर नव्हतंच. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. यीस्ट त्यांना चालत नाही हे मला माहीत होतं, आणि माझ्या पावात सोडाच होता. शिळं त्या खात नाहीत, म्हणून रोज ताजा भाजायचा. दिवस मावळल्यावर त्या जेवत नाहीत, म्हणून कामावरून आल्या आल्या, पाय धुऊन, आधी ओव्हन लावायचा. गरम पाव ताटलीत घालून मी खाली जायचो. पहिल्याच दिवशी कौतुकानं सांगितलंही, दह्यानं मऊ झालाय.

"ठेव तम्मा," त्या म्हणायच्या. "वास चांगला आलाय."

सकाळी ताटली परत यायची. धुतलेली, आणि मोकळी कधीच नाही. कधी गुळाचा खडा, कधी दोन पेरू. मी मनात म्हणायचो, लागू पडतंय. ट्रेनरलाही सांगितलं. तो म्हणाला, "भावा, तू काकूंना बॉडीबिल्डिंगच्या स्टेजवर आणणार!"

पण पाय भरेना. व्यायामाच्या ताईनं फीत लावून मांडी मोजली आणि मान हलवली. "खातायत ना नीट?" तिनं मला विचारलं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, रोज खातात. मला काही उमगेना. पीठ कमी पडतं की काय म्हणून मी सोया वाढवला, बिया वाढवल्या. पाव जड झाला, काकू तशाच.

मग एकदा खाली धुणीभांडी करणाऱ्या मावशी बायकोला जिन्यात म्हणाल्या, "तुमचा पिवळा केक माझ्या पोरीला लई आवडतोय. कबड्डी खेळती ती. रोज वाट बघती."

बायको वर येऊन हे सांगत असताना मी पीठ चाळत होतो. चाळण तशीच हातात राहिली. मावशींच्या मुलीनं खाल्ला याचं वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. पण काकूंनी का नाही? चव आवडली नाही? मग वास चांगला आलाय का म्हणत होत्या? माझ्या हातचं चालत नाही? मग इतक्या वर्षांत माझ्या लग्नाचे लाडू, आईनं पाठवलेल्या शेंगा, ते कसं चाललं?

मी खाली गेलो. काकू खुर्चीवर बसून गव्हातले खडे काढत होत्या. मी सरळ विचारलं. त्यांनी सुपातून मान वर केली नाही. काकाच बोलले.

"अरे, डाळीच्या पिठात दही हाय की त्यात."

"हाय. त्यानंच मऊ होतंय."

"तेच आमच्यात चालत न्हाय. डाळ आणि दही एकत्र आलं की द्विदल होतं. ज्याची डाळ पडते, दोन फाकी होत्यात, ते दह्यात न्हाय घालायचं. त्यात जीव होत्यात."

"मग काकू, पहिल्याच दिवशी सांगायचं की!"

"कसं सांगू?" आता त्यांनी मान वर केली. "तू कामावरनं येऊन, घाम पण पुसायच्या आधी आणत होतास. तोंडावर न्हाय कसं म्हणायचं?"

याच काकूंनी मला नळ चालू राहिला म्हणून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं होतं. माझी मिशी बघून "हे काय मांजर चिकटलंय" म्हणाल्या होत्या. त्यांना एवढं एक वाक्य बोलता आलं नाही, हे मला आजही नीट समजलेलं नाही.

त्या दिवसापासून माझा खरा गोंधळ सुरू झाला. मी काकांना विचारलं, दही आधी गरम केलं तर? काका म्हणाले, आमच्यात न्हाय. काकूंची बहीण भेटायला आली होती, ती म्हणाली, गरम केल्यावर चालतं की, आमच्याकडं कढी करत्यात. दोघी बहिणींची त्यावरून अशी जुंपली की मी हळूच वर निघून आलो. मग व्हे पावडरचं काय? ती दुधाच्या निवळीची, म्हणजे फाटलेल्या दुधाच्या पाण्याची असते. निवळी म्हणजे दूध का ताक? कारखान्यात तापवून वाळवलेली, म्हणजे कच्ची का शिजलेली? काका म्हणाले, "कारखान्यातलं तुला जास्त कळणार." ट्रेनरला विचारलं, तर तो डंबेल खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिला. "भावा, डब्यावर चॉकलेट फ्लेवर लिहिलंय. एवढंच मला म्हाईत."

शेंगदाण्याच्याही दोन फाकी होतात. मी घाबरत विचारलं. काकू म्हणाल्या, "त्याचं तेल निघतंय, ते चालतं." मला बरं वाटलं, आणि जिना चढता चढता आठवलं की तेल तर सोयाबीनचंही निघतं. परत खाली गेलो. काका विचारात पडले. "सोयाबीन आमच्या म्हाताऱ्यांच्या वेळेला नव्हतं," ते म्हणाले.

मी दह्याऐवजी चिंचेचं पाणी घालून बघितलं. पाव बसला. लिंबू घातलं, कडवट झाला. पनीर घालावं तर पिठात परत डाळ. डाळ काढून टाकावी तर उरतो गहू, आणि मग प्रोटीन कुठलं? दर संध्याकाळी मी जिन्याच्या वरच्या कठड्यावरून खाली वाकून विचारायचो, "काकू, राजगिरा?" "काकू, मिल्क पावडर आणि तीळ?" खालून कधी हो, कधी नाही, कधी "थांब, ह्यांना विचारतो." काकू स्वतःबद्दल बोलतानाही आपल्याकडच्या बायकांसारखं येतो-जातो असंच बोलतात. दिवस जात होते. मी विचारत होतो आणि काकू पुन्हा दोन घासांवर हात धुत होत्या.

त्या दिवशी मी मूग भिजवले होते. वाकून विचारलं, "काकू, मूग वाटून त्यात ओवा आणि..."

"तू गप बस जरा! रोज नवीन इचारतोस. डोकं उठलं माझं. मी वर येतो."

मला वाटलं, त्या रागानं म्हणतायत. मी आत जाऊन मिक्सर लावला. मिक्सर थांबला तेव्हा बायको दारात उभी होती आणि तिनं तोंडावर हात धरला होता. जिन्यात काकू होत्या. एका हातानं कठडा धरलेला, दुसऱ्या हातानं लुगड्याच्या निऱ्या. वॉकर खाली उभा. मी धावणार, तर बायकोनं माझा शर्ट मागून धरला.

काकू शेवटच्या पायरीवर थांबल्या, श्वास घेतला आणि आमच्या स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसल्या. कपाळावर घाम होता. मी पाणी दिलं. त्यांनी पेला बघितला. "गाळलंय?" बायकोनं घाईनं फडकं धरून परत गाळून दिलं.

"तवा कुठला हाय? त्यात कांदा करतासा?"

तवा कांद्याचाच होता. बायकोनं लग्नात मिळालेला, कधी न वापरलेला तवा माळ्यावरून काढला. मी स्टुलावर चढून तो घेत होतो तेव्हा खिडकीतून ऊन भिंतीवर तांबूस पडलेलं दिसलं. दिवस मावळायला फार वेळ नव्हता. काकूंचं जेवण खाली झाकलेलं होतं, आणि त्या वर होत्या. लगेच उतरणं त्यांना जमणार नव्हतं. खालचं ताट वर आणू का, की दूध देऊ? दूध दिलं आणि वर मूग दिले तर पोटात द्विदल होईल का? मी हे सगळं एका दमात विचारलं.

"तम्मा," त्या म्हणाल्या, "पीठ सरबरीत कर आणि तव्यावर घाल."

मी मुगाचं पीठ पसरलं. त्यांनी बसल्या जागेवरून ओवा चुरून टाकायला सांगितला, शेंगदाण्याचा कूट टाकायला सांगितला, आच कमी करायला सांगितली. पहिलं धिरडं फाटलं. ते मी खाल्लं. दुसरं त्यांनी खाल्लं. तिसरंही. मी चौथं घातलं तेव्हा त्या नको म्हणाल्या नाहीत. ओव्हन कोपऱ्यात तसाच बंद होता.

खाली काका फिरून आले असावेत. रिकामी खुर्ची आणि नुसता वॉकर बघून ते ओरडले, "अगं! कुठं हाईस?"

"वर!"

"वर? वर कशी गेलीस?"

"पायानं!" काकू घास गिळून म्हणाल्या.

काका जिन्याखाली येऊन उभे राहिले, वर बघत. मग त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं.

उतरणं मात्र अवघड झालं. वरच्या पायरीवर येऊन काकूंनी खाली बघितलं आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. आधी दुखरा पाय खाली टाकायचा की चांगला, हे मला आठवेना. बायको म्हणाली दुखरा, काका खालून म्हणाले चांगला. काकूंनी दोघांचंही ऐकलं नाही. त्या पायरीवर बसल्या आणि लहान मूल उतरतं तशा, बसून बसून, एकेक पायरी खाली सरकू लागल्या. मी पुढं उतरून उलटा चालत होतो. हात पुढं केला की त्या झटकत होत्या. शेवटच्या पायरीवरून उठायला मात्र त्यांनी काकांचा खांदा धरला. दोघंही जरा डुलले, आणि उभे राहिले.

वॉकर जवळ ओढून त्या दाराकडं निघाल्या. उंबऱ्याशी थांबून मागं न बघता म्हणाल्या, "उद्या पीठ जरा पातळ कर. घट्ट झालतं. आणि मीठ कमी."

उद्या मी खाली आणायचं की त्या वर येणार, हे विचारायला मी तोंड उघडलं. बायकोनं मला कोपरानं ढोसलं.