डोहातला नर

कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो. मुलं पाठीमागे मला 'मच्छीवाले सर' म्हणत. म्हणोत बापडी. डोईफोडिया गावाच्या पुढे, जंगलाच्या कडेला एका नाल्यात डोह होता आणि त्यात वाळूत तोंड खुपसून बसणारे, करंगळीएवढे, मिशीवाले मासे. त्यांचे एक्स-रे काढून मी मणके मोजले, ते कुठल्याच माहीत असलेल्या जातीशी जुळेनात. मग शेपटीचे तुकडे स्पिरिटमध्ये घालून, एक्स-रेंसकट, एका मित्राच्या प्रयोगशाळेत पाठवले.

"डीएनए वेगळाच आहे, जात नवीन दिसते," मित्राचा फोन आला. "पण एक्स-रे पाहिले, तुझ्याकडच्या सगळ्या माद्याच. या माशांत नराच्या छातीजवळच्या पराचं हाड जाड असतं, खरी ओळख तिथंच पटते. नर आण, मग नाव देऊ."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका हरखलो होतो. नाल्याचा पूर उतरेपर्यंत कसाबसा दम धरला.

हिवाळ्यात गेलो तर डोह गढूळ होता. पूर्वी पाण्यात पाय घातला की बारीक मासे बोटांना टोचे मारत, आता काहीच जवळ येईना. जाळं टाकलं, रिकामं आलं. पुन्हा टाकलं. मधूनच पाण्यावर बुडबुडे येत, काहीतरी काळं वर येऊन हवा घेई आणि खाली जाई.

शेजारच्या केळीच्या बागेचा मालक दरवेळी मला चहा पाजायचा. तो हसत आला.

"सर, तुमी इतक्या लांबून येता अन् बोटाएवढ्या मच्छ्या नेता. मले बरं नाही वाटे. म्हणून मांगूर मच्छीचे बच्चे सोडले डोहात. देखा आता, कशे तगडे झाले!"

त्याचा राग करावा तरी कसा? त्यानं गळ टाकून हातभर लांब मांगूर काढला आणि माझ्या जेवणासाठी तिथंच दगडावर ठेवला. मी सुरी मागून घेतली आणि मांगूरचं पोट फाडलं. आत अर्धवट विरघळलेले माझे मासे होते. एकाचा पर शाबूत होता. भिंगाखाली धरला. हाड जाड होतं.

"मिळालं का सर, जे पाहिजे होतं ते?" त्यानं विचारलं.

"मिळालं," मी म्हणालो.

त्याचा चेहरा फुलला. "मंग अजून सोडू का?"