लग्नघरच्या मामी

"रुसणारं कोण आहे तुमच्यात?"

लग्न ठरवून हॉल बघायला आलेल्या माणसांना मामींचा पहिला प्रश्न हा असायचा. रंग कोणता, फुलं कोणती, पाहुणे किती, हे सगळं मागाहून. आधी पदर कमरेला खोचायचा, रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहायचं, एकदा छताकडे बघायचं आणि मग हे. समोरची माणसं चपापायची. मुलीची आई नवऱ्याकडे बघायची, नवरा स्वतःच्या चपलांकडे. शेवटी कुणीतरी हळूच म्हणायचं, "तसे आमचे मोठे भावोजी जरा..."

"झालं तर. चला, आता पडद्यांचं बघू."

मी परळच्या एका छोट्या हॉलचा मॅनेजर. खाली व्यायामशाळा, वर हॉल. वर मंगलाष्टकं चालू असतात तेव्हा खालून वजनं आपटल्याचे आवाज येतात. पाहुणे दचकतात, आम्हाला सवय आहे. हॉलला दोन जिने. पुढचा दगडी, रुंद, रस्त्यावर उतरणारा. मागचा लोखंडी, मुदपाकखान्यातून गल्लीत जाणारा. एसी नाही, लिफ्ट नाही, म्हणून भाडं परवडतं आणि म्हणूनच आमच्याकडे येणाऱ्यांना मामींची गरज पडायची.

मामी नेमक्या कुणाच्या मामी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मूळच्या मालवणकडच्या, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, लालबागला एका खोलीत एकट्याच राहायच्या. कुणाच्या तरी लग्नाला पाहुण्या म्हणून आल्या, डेकोरेटरने लावलेली मरगळलेली फुलं बघून त्यांना राहवलं नाही, आणि तेव्हापासून त्या येतच राहिल्या. मोबदला विचारला तर म्हणायच्या, "एक नारळ द्या. चांगला बघून द्या पण."

आमचं पहिलं भांडण भिंतीवरून झालं. मी सेलोटेप लावू देत नाही, खिळा तर दूरच. रंग उडतो. मामी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "भिंत सोन्याची असा काय तुमची?" आणि मग त्यांनी पंख्यांच्या हुकांना दोऱ्या बांधून सगळी सजावट हवेत टांगली. भिंतीला बोटही लागलं नाही. माझ्याकडे तक्रारीला जागा उरली नाही, याचाच मला राग आला.

एकदा एक मुलगी मोबाइलवर फोटो दाखवत होती. कुठल्याशा राजवाड्यातलं लग्न, सगळीकडे फिके गुलाबी, फिके पिस्ता रंग. "मामी, मला पेस्टल थीम हवीय."

मामींनी चष्मा वर सरकवून फोटो नीट पाहिला. "म्हणजे धुऊन धुऊन विटलेला रंग ना? तो हवा तेवढा मिळेल गो." आणि खरंच, त्यांनी मुलीच्या अख्ख्या बिल्डिंगमधून जुन्या सुती साड्या गोळा केल्या. गुलाबीच्या झालेल्या अबोली, हिरव्याच्या झालेल्या पिस्ता. इस्त्री करून, चुण्या घालून त्या छतापासून सोडल्या, तेव्हा फोटोग्राफरने विचारलं की हे कापड कुठून आणलं. नवरीची शेजारीण अभिमानाने म्हणाली, "ते तिसरं माझ्या डोहाळजेवणाचं आहे."

मुलांच्या वाढदिवसांनाही मामींना बोलावणं असायचं. एका घरी 'जंगल' थीम होती. दादरच्या बाजारात दुपारी माल आवरताना जी केळीची पानं, अशोकाच्या डहाळ्या उरतात, त्या मामींनी पोत्यात भरून आणल्या. जुन्या तपकिरी मोज्यांत कापूस कोंबून माकडं केली. त्या घरचे आजोबा सकाळपासून कोपऱ्यात धुमसत होते, त्यांना हा पसारा पसंत नव्हता. मामींनी त्यांच्या गळ्यात लोकरीची आयाळ बांधली. "नाहीतरी दिवसभर गुरगुरताच. आता पोरांसाठी गुरगुरा." आजोबा इतके गुरगुरले की दोन मुलं रडली आणि बाकीच्यांनी त्यांना घरी जाईपर्यंत सोडलं नाही.

तर हा मामींचा खरा धंदा. पडदे, पानं, मोजे ही वरवरची कामं. रुसणारा माणूस आधी हुडकायचा आणि त्याला काम द्यायचं. तुम्हीही लग्नं पाहिली आहेत. मानपानात कुणाचं तरी काहीतरी राहतंच, आणि तो माणूस कोपऱ्यात खुर्ची ओढून तोंड फिरवून बसतो. मामी त्याला बसूच द्यायच्या नाहीत. जेवणात खोड काढणाऱ्या भावोजींना त्यांनी मुदपाकखान्यात नेऊन म्हटलं, "तुमच्या जिभेवर सगळं अवलंबून आहे." भावोजी तासभर वाटीवाटीने चव बघत राहिले आणि मग दारात उभे राहून येईल त्याला जिलबीचा आग्रह करू लागले.

हॉल वेळेत रिकामा करा म्हणून मी जिथे तिथे घड्याळ दाखवत फिरायचो. एका लग्नात मामींनी माझ्या हातात अंतरपाटाचं टोक दिलं. "मुलाकडची माणसं कमी आहेत, मॅनेजर. धरा." मी धरला. अंतरपाट धरून उभ्या असलेल्या माणसाला घड्याळ बघता येत नाही. पुढे किती लग्नांत मी अंतरपाट धरला कुणास ठाऊक. मला मामी आवडायच्या, हे सरळच सांगतो.

आता मामी नाहीत. गुडघ्यांनी छळलं, मग आणखी कशाने, आणि मागच्या वर्षी गेल्या. अजूनही कुणी ना कुणी ऑफिसात येऊन विचारतं, "त्या मामींचा नंबर आहे का?" मी नाही म्हणतो आणि मला हमखास एकच लग्न आठवतं.

मुलगी लालबागची, कोकणातल्या मराठ्यांच्या घरची. मुलगा वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला, बौद्ध. दोघं एकाच बँकेत. हॉल बघायला मुलगी आणि तिची आई अशा दोघीच आल्या होत्या. मामींनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि आई मटकन खुर्चीत बसली.

"बाबा," मुलगी म्हणाली. "ते येणारच नाहीत म्हणतात."

कारण जात. दुसरं काही नाही. मुलगा त्यांना आवडलाही होता, घरी येऊन चहा पिऊन गेला होता, आडनाव नीट कळेपर्यंत.

"बाबांचा हात कशावर बसलाय?" मामींनी विचारलं. वडील मंडळाच्या भंडाऱ्याचा स्वयंपाक करायचे, वर्षानुवर्षं. हे ऐकल्याबरोबर मामींचे डोळे चमकले. लग्नाच्या दिवशी सकाळी निरोप धाडायचा, आचारी पळाला, चूल पेटली आहे, तुम्हीच या. मागच्या जिन्याने मुदपाकखान्यात येतील. लग्नाला आलो असं त्यांना म्हणावं लागणार नाही, आणि पोरीच्या डोक्यावर अक्षता पडतील तेव्हा बाप निदान भिंतीपलीकडे तरी असेल. मुलीच्या आईला ते इतकं पटलं की तिने मामींचे हातच धरले.

दोन दिवसांनी मुलाची आई हॉल बघायला आली. महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, बारीक अंगाची, शांत बोलणारी. मामींनी तिला बेत सांगितला, अगदी खुशीत.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामी, हा रुसवा नाही."

मामींनी कमरेला खोचलेला पदर सोडला.

"तुम्ही चांगल्या मनाने करताय, मला कळतंय. पण मागच्या दाराने आमच्या माणसांनी खूप ये-जा केली. माझ्या मुलाच्या लग्नात तो रस्ता कुणालाच नको, त्यांनासुद्धा नको. यायचं तर पुढच्या जिन्याने येऊ देत, मुलीचे वडील म्हणून. नाही आले तर आम्ही मुलीला काही कमी पडू देणार नाही."

ती पुढचा जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत मामी खिडकीतून बघत होत्या. मग म्हणाल्या, "बरोबर बोलली ती. मी सगळ्यांना एकाच तराजूत तोलत बसले." आणि माझ्याकडे वळून, "मॅनेजर, चला. लालबागला जायचंय."

मला का नेलं ते माहीत नाही. बहुधा एकटं जायची त्यांना भीती वाटली असावी. मुलीचे वडील टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसले होते.

"मामी, पोरीवर राग नाय माझा," ते आम्हाला बघताच म्हणाले. "पण गावाला भावकीत तोंड दाखवायचं कसं?"

"मी समजवायला नाय आले. निरोप द्यायला आले." आणि मामींनी मुलाच्या आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, मागच्या दाराचंसुद्धा. आपला बेतही लपवला नाही. ते मान खाली घालून ऐकत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, रागाने की कशाने, मला सांगता येणार नाही.

"त्या असं म्हणाल्या?"

"असंच."

ते परत टीव्हीकडे वळले. जिना उतरताना मी विचारलं, "येतील का हो?"

"माहीत नाय," मामी म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

त्या लग्नाइतका सुंदर हॉल मी पुन्हा पाहिला नाही. दोन्ही घरांतल्या पांढऱ्या चादरी मामींनी धुऊन घेतल्या आणि कुठे जास्त, कुठे कमी अशी नीळ घातली. स्टेजमागे गडद निळा, दाराकडे येत येत फिका होत पांढरा. मध्ये पिंपळाच्या पानांची तोरणं, आणि समोर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. जेवायला बुफे नव्हता, टेबल-खुर्च्यांवर पंगत होती. मामी म्हणाल्या होत्या, पंगतीला अन्न कमी वाया जातं आणि कुणी ताट घेऊन एकटं उभं राहत नाही.

त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, टाळ्या वाजल्या. पांढऱ्या साडीतली मुलगी हसत होती, पण मी पुढच्या दाराशी उभा होतो, त्यामुळे तिची नजर किती वेळा माझ्याकडे येऊन माझ्या पलीकडे जिन्यावर जात होती ते मला दिसत होतं. जिना रिकामा होता. मला उगाचच अपराध्यासारखं वाटत होतं.

पंगत बसली, वाढायला सुरुवात झाली आणि तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले मुलीचे वडील शेवटच्या पायरीवर येऊन थांबले. मी बाजूला झालो. ते आत येईनात.

मामींनी लांबून पाहिलं आणि जन्माच्या सवयीने वाढप्याच्या हातातलं उसळीचं पातेलं आणि पळी ओढून घेतली. "या या! बरं झालं आलात. ही उसळ जरा..."

मुलाची आई मध्ये आली. "मामी, राहू दे. आज ते काम करायला आलेले नाहीत." मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "या. हात धुवा आणि बसा."

ते हात धुऊन पंगतीच्या टोकाला बसले. तिने स्वतः पान मांडलं. मीठ, लिंबू, कोशिंबीर, उसळ, वरणभात, सगळं तिच्या हाताने. आजूबाजूचे सगळे आपापल्या पानात बघत होते, म्हणजे बघितल्यासारखं करत होते. मुलगी स्टेजवरून धावत निघाली तेव्हा मामींनी तिचा हात धरला. "थांब गो. जेवू दे बाबांना आधी."

ते पानाकडे बघत बसले. खालून वजन आपटल्याचा आवाज आला, तरी कुणी दचकलं नाही. शेजारी मुलाचे म्हातारे काका बसले होते, तेही घास हातात धरून थांबले. मुलाची आई समोर उभी होती, सरळ, हात जोडलेले नाहीत की काही नाही.

मग त्यांनी भात कालवला आणि पहिला घास घेतला. चावून, गिळून, वर बघितलं. पलीकडची रिकामी खुर्ची हाताने मागे ओढली.

"विहीणबाई, तुम्हीपण बसा," ते म्हणाले. "पान मामी वाढतील."

ती क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग बसली. मामींनी मुलीचा हात सोडला, पातेलं खाली ठेवलं आणि मिठाचं भांडं उचललं. डोळे इतके भरले होते की त्यांना पान नीट दिसत नव्हतं. विहीणबाईंच्या पानात त्यांनी मीठ दोनदा वाढलं. व्याही-विहीण त्याच पंगतीत शेजारी शेजारी जेवले आणि मिठाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.