रविवारची धार

आमच्या घरी चाकू घ्यायचा असला की मला दुकानाबाहेर उभं राहावं लागायचं. नवऱ्याचा हुकूमच होता तसा. मी आत असले की माझी चुळबुळ सुरू होते, मी घड्याळ बघते, दुकानदाराला मधेच काहीतरी विचारते आणि यांचं लक्ष उडतं. ते पाटबंधारे खात्यात होते. तंजावरपासून पापनाशमपर्यंतच्या कालव्यांवर आधी सायकलने आणि मग मोपेडने फिरण्यात सगळी नोकरी गेली. खिशात घडीचा चाकू नाही असा दिवस मला आठवत नाही. दोरी कापायला, ऊस सोलायला, कुणाच्या बांधावरचा नारळ फोडून झाल्यावर खोबरं काढायला, सगळ्याला तोच.

ते चाकू कानाजवळ धरून उघडायचे. आत जरा कचकच ऐकू आली की तो परत. मग मिटवून वरून बघायचे, पातं मुठीच्या मधोमध बसतं की एका बाजूला घासतं. मग उघडं पातं चिमटीत धरून हलवायचे, आणि केसभर हललं तरी तोही परत. एकात दहा हत्यारं असलेले चकचकीत चाकू त्यांना बघवत नसत. एकच पातं हवं, आणि तेही साध्या पोलादाचं. केळीच्या चिकाने ते काळं पडतं, पुसून तेल लावावं लागतं, पण धार घेतं. दुकानांबाहेर उभं राहण्यात माझे किती तास गेले ते मी गणिताची मास्तरीण असूनही मोजलेलं नाही.

धार लावायचा वार रविवार. सकाळी कॉफी झाली की परसात पाटावर बसायचं, दगडावर पाणी शिंपडायचं, पातं जरासं कलतं धरून एका बाजूने ओढायचं, मग दुसऱ्या बाजूने. कलतं म्हणजे किती, ते त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं. मग चाकू धुऊन उन्हात कट्ट्यावर वाळत ठेवायचा आणि आंघोळीला जायचं. आंघोळ झाली की सांध्यात तेलाचा एक थेंब, आणि मग वर्तमानपत्राची पट्टी एका हातात धरून दुसऱ्या हाताने अलगद कापायची. कागद आवाज न करता दोन झाला की रविवार चांगला गेला.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कॉफीच्या पेल्यात लाटा उठल्या, मग सही बिघडली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की हातांना जे येतं ते त्यांना करू द्या, जोवर करतात तोवर. मी मान हलवली. डॉक्टरांना बोलायला काय जातं? घरी चाकू त्यांच्या हातात दिसला की मी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहत होते. वरवंट्याखाली आपलं बोट आहे आणि वरवंटा दुसऱ्याच्या हातात आहे, तसं होत होतं मला. एकदा आंबा चिरताना अंगठ्याला लागलं. थोडंसंच होतं, पण मी इतकी ओरडले की शेजारीण भिंतीवरून डोकावली. चाकू आता ठेवून द्या, म्हणून मी विनवलं, भांडले, दोन दिवस बोलले नाही. ते म्हणाले, बोथट चाकूच हात कापतो, धारेचा नाही. आणि पुढच्या रविवारी पुन्हा दगड घेऊन बसले.

त्या रविवारी ते आंघोळीला गेल्यावर मी परसातला चाकू उचलला आणि दोसाचं पीठ वाटायच्या दगडी रगड्यावर पातं उभं धरून तीनदा ओढलं. फार वेळ लागत नाही. त्यांचा अर्ध्या तासाचा घाम मी तीन ओढींत पुसला. माझा हिशेब सरळ होता. धार येत नाही म्हटल्यावर ते कंटाळतील आणि चाकू आपणच ठेवून देतील.

त्यांनी पट्टी कापायला घेतली तर कागद फाटला. त्यांनी पातं उजेडात धरून पाहिलं. पुढच्या रविवारी जास्त वेळ बसले. मी पुन्हा तेच केलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी नवा दगड आणला, त्यावरही तेच. चौथ्या रविवारी सासूबाईंचं श्राद्ध होतं. त्या दिवशीची केळीची पानं दरवर्षी ते स्वतः कापतात, एका हिसक्यात, शीर न चिरता. सकाळी धार लावली, आंघोळीला गेले, तेवढ्यात मी रगड्यावर नेहमीचं केलं, आणि ते ओल्या पंच्यानेच परसात आले. पहिलं पान उभं फाटलं. दुसरंही फाटलं. फाटलं पान श्राद्धाला चालत नाही. शेवटी मीच बाजारात धावले आणि पानं विकत आणली.

परत आले तेव्हा ते कट्ट्यावर बसले होते, हात मांडीखाली दाबून.

“चाकूस कांहीं झालें नाहीं,” ते म्हणाले. “हात गेले माझे.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. मला वाटलं, चाकू सुटला ना, झालं तर. मी जिंकले होते.

पण ते नुसता चाकू ठेवून थांबले नाहीत. दाढीला न्हावी घरी यायला लागला. शर्टाची बटणं मला लावायला सांगू लागले. कॉफी अर्धा पेलाच मागायचे. तिरुवैयारूला माझ्या बहिणीकडे गेलो तेव्हा तिने पेरू पुढे केला, तर तो त्यांनी माझ्याकडे सरकवला. हात नेहमी मांडीखाली. मला घरात बसवेना आणि बाहेर जाववेना. भाजी निवडायला घ्यायची, अर्धी टाकून उठायचं, पुन्हा बसायचं, असे तीन महिने गेले. मला स्वतःचा राग येत होता आणि तो मी भांड्यांवर काढत होते.

एका रविवारी कॉफी देताना माझ्या तोंडून निघून गेलं. “धार मी मोडत होतें. तुम्ही न्हाणींत गेल्यावर.”

त्यांनी पेला खाली ठेवला. “किती वेळां?”

“चार.”

“चारीं वेळां धार बसली होती काय?”

“बसली होती.”

ते चिडतील म्हणून मी अंग चोरून उभी होते. चिडले नाहीत. त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. उठले, कपाटातून चाकू काढला, दगड काढला आणि परसात जाऊन बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले, एक पाऊलही पुढे टाकलं नाही. पाणी सांडत होतं. पातं दगडावर कधी कलतं लागत होतं, कधी आडवं, कधी टोकानेच खरवडत होतं. तीन महिन्यांत मनगट सगळं विसरलं होतं. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला तेव्हा कळलं.

चाकू कट्ट्यावर ठेवून ते आंघोळीला गेले. आत गुणगुणत होते. मी चाकूच्या जवळसुद्धा गेले नाही.

बाहेर येऊन त्यांनी तेल घातलं, पट्टी घेतली, कापली. कागद फाटला. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“आज पण मोडलीस काय?”

“हो,” मी म्हटलं.

मग ते रागावले. इतके रागावले की शेजारीण पुन्हा भिंतीवरून डोकावली. इतकं सांगून परत तेच करतेस, म्हणाले, लाज नाही वाटत. तीन महिन्यांत एवढ्या मोठ्या आवाजात ते बोलले नव्हते. मी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. शेवटी चाकू मिटवून त्यांनी आपल्या खिशात घातला आणि बजावलं, “पुढल्या आदितवारीं चाकू मजबरोबर न्हाणींत नेतों. बघतों कशी मोडतेस ती.”

न्या, म्हटलं मी. आज शुक्रवार आहे. परवा कागद फाटला तर मी मोडली असं म्हणायची सोय उरणार नाही, आणि मला एका जागी बसवत नाही.