शेपटीतलं लिंबू

जोतीरामअण्णांची अख्खी नोकरी विमानदलात गेली, पण विमानांच्या पोटाखाली. इंजिनं उघडायची, पुसायची, बसवायची, उडवणारे दुसरेच! पेन्शन घेऊन विट्याजवळच्या गावी आले आणि धरला की हो नाद. फोम कापायचा, चिकटवायचा आणि जुन्या लढाऊ विमानाची रिमोटवर उडणारी प्रतिकृती करायची. घरभर फोमचा भुसा. एकदा तर भाकरीतच निघाला.

"आवं, पीठ मळू का तुमचं इमान?" कारभारीण बनुबाई करवादल्या.

विमानं मात्र पडतच होती. एकदा ऐन जेवणात अण्णांचा पारा चढला. "ह्ये नवंबी पडलं, तर रिमोट ट्रंकंत! पुन्यांदा हात लावणार न्हाई."

फौजी माणूस, शब्द म्हणजे शब्द. भुशावरून बनुबाईंनी कितीही तोंड सोडलं, तरी हाताला काम नसलं की हा माणूस घरात कसा धुमसतो, ते त्यांनीच सोसलं होतं.

रविवारी दोघं माळावर गेली. अण्णांनी पंखांखाली बोटं धरून तोल बघितला. झकास! विमान खाली ठेवून ते वारं बघायला पुढं गेले.

मग विमान मुरमावर धावलं, उठलं, आणि नाक वर करून चढतच सुटलं. अण्णा रिमोटच्या काड्या पुढं रेटतायत, खटपटतायत, पण ऐकतंय कोण? वर जाऊन ते थबकलं आणि दाणकन आदळलं.

अण्णा धावले. फुटलेल्या शेपटीच्या पोकळीत तारेत ओवलेलं लिंबू आणि मिरच्या! अण्णांची पाठ वळल्यावर बनुबाईंनी शेपटीचं झाकण उघडून ते आत सारलं होतं. मागं एवढं वजन पडल्यावर विमान दुसरं काय करणार? शिवी अगदी ओठांवर आली. पण वळून बघतात तर बनुबाई तोंडाला पदर लावून उभ्या. दृष्ट लागू नये म्हणून लिंबू घालणारी बाई विमान पडावं म्हणून थोडीच घालते? अण्णांनी लिंबू गुपचूप खिशात टाकलं.

"कशानं पडलं वं?"

"वारं फिरलं."

रिमोट ट्रंकेत गेला. दुसऱ्या दिवशी धुणं काढताना ते लिंबू बनुबाईंच्याच हाताला लागलं. त्या तशाच ओल्या हातानं अण्णांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"ह्येच्यानंच पडलं न्हवं?"

अण्णांनी मान डोलावली.

"मग वरडला का न्हाई माझ्यावर?"

"कशापायी वरडू? ते उडावं आसं तुलाबी वाटत हुतं, लय झालं मला."

बनुबाईंचे डोळे भरून आले. तशाच जाऊन त्यांनी ट्रंक उघडली.

"अगं, शब्द दिलाय मी!"

"माझ्या लिंबानं पडल्यालं त्यात धरायचं न्हाई," असं म्हणून त्यांनी रिमोट अण्णांच्या मांडीवर ठेवला.

नवं विमान झालं. तोल बघताना नाक जरा हलकं भरलं. एरवी अण्णा तिथं शिशाचा तुकडा चिकटवायचे. यावेळी त्यांनी चुलीकडं हाक मारली, "बनू, लिंबू आण गं. बारकं बघून."

माळावर ते विमान असं काही झेपावलं म्हणता! दोन घिरट्या झाल्या, अण्णांनी उतरवायला घेतलं, तेवढ्यात मागून बनुबाई ओरडल्या, "आवं, एवढ्यात खाली आणू नगा!"