पठाणकोट ते उंब्रज

पठाणकोट किती लांब आहे, हे आमच्या घरात फक्त तात्यांना विचारायचं. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, पलटणीतून पेन्शनीवर आलेले. त्यांच्या बोलण्यात मैल कधी यायचेच नाहीत. "पठाणकोट? चार दिस. दिल्लीला गाडी बदलायची. जागा मिळाली तर बसायचं, न्हाईतर हायच ट्रंक बुडाखाली!" माझा थोरला भाऊ फौजेत तिकडंच होता. दर सुट्टीला तोही चौथ्या दिवशीच, कोळशानं काळाकुट्ट होऊन, उंब्रजच्या स्टँडवर उतरायचा. मग तात्यांच्या शब्दाला कोण कशाला हरकत घेईल?

बांगलादेशाची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. ऊसतोड चालू होती आणि आबांनी, माझ्या वडिलांनी, अंथरूण धरलं. तात्यांनी दादाला तार केली. दुसऱ्या दिवशी पहाटे आबा गेले. असं कसं जातं माणूस, मला काही सुचेचना.

आईचं एकच चाललं होतं, "आजचा दिस थांबा. माझ्या पोराला बापाचं तोंड बघू द्या. अग्नी त्यानंच द्यायचा."

"आवं वैनी, तार कालच पोचली म्हणलं तरी अजून तीन दिस," तात्या म्हणाले. "मी काय त्या वाटंनं आलोगेलो न्हाई व्हय? माझ्या भावाला तवर असं ठेवायचं?" बोलता बोलता ते स्वतःच हमसून रडायला लागले. दुपार कलल्यावर आबांना नदीवर नेलं. अग्नी तात्यांनी दिला.

माणसं नदीवरनं परत आली. ओल्या धोतरांनी अंगणात बसली होती, आणि दारात दादा उभा! माझ्या हातातला तांब्या खाली पडला. आई गं, मला वाटलं मला भासच होतोय. तोंडाला कोळसा नाही, कपड्यांना चार दिवसांचा मळ नाही. बघत राहिले नुसती.

"तू... तू कसा रं आलास?" तात्यांनी कसंबसं विचारलं.

"सायबांनी फौजेच्या इमानात बसवलं. पुण्याला यायला चार तास. पुण्यापास्नं हितवर यष्टीलाच जास्त लागलं, शिरवळला टायर फुटला." बोलताना तो सारखा आत बघत होता. "आबा कुठं हायती?"

चार तास! चार दिवसांचे चार तास कधी झाले, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आईचा आवाज आतून फुटला. तात्या हात जोडून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, "मी चार दिस म्हणलो रं... मी चार दिस म्हणलो."

दादानं ती ओली धोतरं बघितली. ट्रंक खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. त्यानं तात्यांकडं बघितलं, रागानं नाही.

"पुलावरनं जाळ दिसला," तो म्हणाला. "यष्टीतल्या समद्यांनी हात जोडलं. मीबी जोडलं. आन शेजारच्याला इचारलं, कुणाचं म्हातारं गेलं म्हणून."